शनिवारची लसूण

ताई गेल्याचा फोन मला आला नाही, जुईला आला. ताई घाटकोपरला एकटीच राहायची. सकाळी दूधवाल्यानं बेल वाजवूनही दार उघडेना, तेव्हा शेजारच्या बाईंनी आपल्याकडच्या किल्लीनं दार उघडलं, डॉक्टरांना बोलावलं, आणि मग ताईच्या मोबाइलवर अडीअडचणीला कळवायचं म्हणून जे नाव होतं त्या नंबरवर फोन लावला. ते नाव माझं नव्हतं, माझ्या मुलीचं होतं. मी मुलुंडला आमच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. जुई दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “आई, आधी गॅस बंद कर.” मी बंद केला. “मावशी गेली... झोपेतच.” सख्खी बहीण गेल्यावर माणसाच्या मनात पहिल्यांदा काय यावं, याचा काही नियम नसावा. माझ्या मनात आलं, मला का नाही केला फोन? रडू त्यानंतर आलं आणि थांबता थांबेना. पण तो प्रश्न आधी आला होता, आणि इतके आठवडे झाले तरी तो गेलेला नाही.

सुनंदाताई माझ्याहून बरीच मोठी. आम्ही भांडुपच्या चाळीत वाढलो. बाबांची गिरणी बंद पडल्यावर आई एका खाणावळीला घरून वाटणं करून द्यायची, त्यामुळे आमच्याकडे संध्याकाळी लसणीचा ढीग पडलेला असायचा आणि तो सोलणं हे आम्हा दोघी बहिणींचं काम होतं. माझी बोटं लसणीनं चुरचुरायची. दोन पाकळ्या सोलल्या की मी भोकाड पसरायचे. मग ताई माझा वाटा स्वतःकडे ओढून घ्यायची आणि म्हणायची, “तू बोल, मी सोलते.” मी बोलायचे. शाळेतल्या बाई, बाकावरची भांडणं, कुणी कुणाची पेन्सिल घेतली, सगळं. ती खाली मान घालून सोलत राहायची, मध्येच “मग?” म्हणायची, आणि तिच्या त्या ‘मग’मुळे मला नसलेलंही आठवायचं. तसं ऐकणारं माणूस मला पुढे नवऱ्यात मिळालं नाही, मैत्रिणीत मिळालं नाही. ते ऐकणं माझं होतं. ताईनं पुढे मानसशास्त्र घेतलं, शिकली, आणि घाटकोपरच्या एका कॉलेजात समुपदेशक म्हणून लागली, तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी तिचं कौतुक केलं. मी पेढे वाटले खरे, पण आपल्या घरातली एखादी वस्तू कुणी न विचारता सार्वजनिक करून टाकावी तसं मला वाटलं होतं.

अर्थात सुरुवातीला त्या वस्तूला गिऱ्हाईक नव्हतं. ताईची खोली जिमखान्याच्या शेजारी, व्हरांड्याच्या टोकाला. दारावर ‘समुपदेशन केंद्र’ अशी निळी पाटी. मुलं त्या पाटीपाशी आली की चालण्याचा वेग वाढवायची. कुणी दोन मिनिटं रेंगाळलं की मागून टोळकं ओरडायचं, “ए, नंबर लागला काय रे तुझा?” एखादी धीट मुलगी आत यायची आणि म्हणायची, “मॅडम, माझ्या एका मैत्रिणीला प्रॉब्लेम आहे.” ताई त्या मैत्रिणीबद्दल अतिशय गंभीरपणे विचारपूस करायची, तिला झोप लागते का, ती जेवते का. एका मुलाच्या वडिलांनी तर येऊन ऐकवलं होतं, की आमचा मुलगा काही वेडा नाही, तो इथे आला असेल तर रजिस्टरमधलं नाव खोडा, उद्या नोकरीला आड येईल. ताई मला हे सांगताना हसायची नाही. ती म्हणायची, “त्यांना खोलीची भीती नाही गं वाटत. खोलीतून बाहेर येताना कुणी बघेल, त्याची वाटते.”

मग तिनं एक युक्ती केली. कॉलेजात हरवलेल्या वस्तू ठेवायचं एक गोदरेजचं कपाट ऑफिसात धूळ खात होतं. प्राचार्यांच्या मागे लागून तिनं ते स्वतःच्या खोलीत आणवलं. आता छत्री, पाण्याची बाटली, ओळखपत्र, काहीही हरवलं की ताईच्या खोलीत जावंच लागायचं. आणि ज्यांचं काहीच हरवलेलं नसायचं तेही यायला लागले. “मॅडम, माझी बाटली मिळतेय का बघायला आलो.” ताई म्हणायची, बघ ना, सावकाश बघ. मुलगा कपाटात तोंड खुपसून उभा राहायचा आणि तिकडे तोंड करूनच बोलायला लागायचा. बाहेर पडताना हातात काहीतरी दिसायला हवं, म्हणून कुणीतरी दुसऱ्याचीच छत्री घेऊन जायचं. वस्तू कमी पडायला लागल्या. तेव्हा ताई माझ्या घरी आली की माळ्यावरच्या जुन्या बाटल्या, डब्यांची झाकणं, छत्र्या पिशवीत भरून न्यायची. माझी जांभळ्या काठाची चांगली छत्रीही तिनं अशीच नेली. मी चिडून विचारलं, तर म्हणाली, “एका पोरीनं नेली. जरा रडून बाहेर पडायचं होतं, डोकं झाकायला काहीतरी हवं होतं तिला.” बाहेर ऊन होतं की पाऊस, हे मी विचारलंसुद्धा नाही. मला एवढंच दिसत होतं, की माझी बहीण कुणा परक्या पोरीच्या रडण्यापायी माझी छत्री देऊन आली.

जुईनं बारावीनंतर त्याच कॉलेजात प्रवेश घेतला. मावशी आहे तिथं, लक्ष राहील, असं मीच म्हटलं होतं. जुईचे बाबा नाशिकला नोकरीला असतात, पंधरवड्यानं येतात. घरात आम्ही दोघीच. शाळेत असेपर्यंत जुई मला सगळं सांगायची असं मी समजत होते. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला ती अबोल झाली. जेवण कमी झालं. मी विचारलं की “अॅसिडिटी आहे” म्हणायची, आणि मी जिऱ्याचं पाणी करून द्यायचे. मग दर शनिवारी ती मावशीकडे जायला लागली. दुपारी निघायची, दिवेलागणीला यायची, आणि येताना तिच्या हातात ताईचा स्टीलचा छोटा डबा असायचा. डब्यात सोललेली लसूण. पाकळी न् पाकळी स्वच्छ, पांढरी, एकीचाही टवका उडालेला नाही. “मावशीनं दिलीय. तुझी बोटं चुरचुरतात ना.” मी तो डबा फ्रीजमध्ये ठेवायचे आणि आठवडाभर फोडणीला लसूण टाकताना माझं डोकं तापायचं. मला डोळ्यांपुढे दिसायचं, घाटकोपरच्या त्या छोट्या हॉलमध्ये दोघी जमिनीवर बसल्यात, मध्ये सुपात लसूण, ताई म्हणतेय “तू बोल, मी सोलते,” आणि माझी मुलगी बोलतेय. गप्पा त्यांच्या आणि लसूण तेवढी माझी. जुई मला काय सांगत नाही ते ताईला ठाऊक आहे, हे एक झालंच. पण त्याहूनही, ताईचं ते ‘मग?’ आता जुईला मिळतंय, यानं मी जास्त जळायचे. आईनं मुलीवर जळावं आणि बहिणीवरही, एकाच वेळी, एकाच डब्यापायी... पण जळत होते हे खरं.

पुढे आणखी एक झालं. माझी मामेवहिनी वर्षा बोरिवलीला राहते. तिचा एके दिवशी मला फोन, आवाज खाली आणून. तिच्या मुलाचा क्लास आहे त्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक मानसोपचाराचं क्लिनिक आहे, आणि त्याच्या बाहेरच्या बाकावर तिनं सुनंदाताईंना पाहिलं. सोबत जुई होती. वहिनीनं “इकडे कुठे?” म्हटल्यावर जुई पटकन म्हणाली, “मावशीची ट्रीटमेंट चालू आहे.” आणि ताईनं मान हलवली. “बघा शुभाताई,” वहिनी म्हणाली, “दुसऱ्यांचं ऐकून ऐकून त्यांच्याच डोक्यावर परिणाम झाला बहुतेक.” आठवड्याच्या आत ही बातमी आमच्या गावी, कुडाळपर्यंत पोचली. त्या वर्षी गावी लग्न होतं. पंगतीत ताई बसली की आजूबाजूच्या बायका एकदम भाजीच्या चवीबद्दल बोलायला लागायच्या. एका काकूनं मला बाजूला घेऊन ताईबद्दल विचारलं, “बायो, गोळ्यो बिळ्यो खाता की काय ता?” ताईला सगळं कळत होतं. ती दुसऱ्यांदा सोलकढी मागून घेऊन शांतपणे पीत होती. मला मात्र तिथं बसवेना.

परत आल्यावर मी थेट तिच्या घरी गेले. विचारलं, “ताई, तू बोरिवलीला जातेस म्हणे.”

“हो, शनिवारी.”

“आणि जुईला सोबत नेतेस.”

“जुई असते ना सोबत.”

“मी मेले होते का?”

ती चहा गाळत होती. गाळणं बाजूला ठेवून म्हणाली, “शुभा, तुला सांगितलं असतं तर तू धावत आली असतीस.” मला हे उत्तर तेव्हाही समजलं नाही. धावत आले असते तर काय बिघडलं असतं? मी चहा तसाच टाकून निघाले. म्हणजे ताईला काहीतरी होतंय, ते माझ्या मुलीला ठाऊक आहे. माझ्या मुलीला काहीतरी होतंय, ते ताईला ठाऊक आहे. आणि मी मुलुंडला लसूण ठेचत बसलेय. त्यानंतरही आमचे फोन चालू होते, सणवार चालू होते. पण मी बोरिवलीचं नाव काढलं नाही आणि तिनंही नाही. लसणीचा डबा मात्र दर शनिवारी येत राहिला.

ताई गेल्यावर नातेवाइकांत कुजबुज झालीच. त्या गोळ्यांनीच हृदयावर ताण आला असणार, म्हणे. डॉक्टरांनी असं काही सांगितलेलं नव्हतं, पण वर्षावहिनीला डॉक्टरांची गरज नव्हती. मी कुणाकुणाचं तोंड धरणार? मलाच कुठे काय ठाऊक होतं? मग कॉलेजनं शोकसभा ठेवली. मला वाटलं होतं, चार प्राध्यापक असतील, हार असेल, दहा मिनिटांत आटपेल. हॉल भरून मुलं व्हरांड्यात उभी होती. आता नोकऱ्या करणारी, लग्नं झालेली, कडेवर पोरं घेतलेली. सगळे माझ्या बहिणीसाठी रडत होते, आणि मी पहिल्या रांगेत, नातेवाईक म्हणून, कोरड्या डोळ्यांनी बसले होते. एका मुलीच्या हातात जांभळ्या काठाची छत्री होती. ती माझीच होती, मुठीला मी बांधलेला दोरा तसाच होता. परत मागावी असं जोरात मनात आलं.

सिद्धार्थ नावाचा एक मुलगा बोलायला उठला. गोवंडीहून आला होता. ताईच्या कॉलेजातून बीएस्सी होऊन आता एका लॅबमध्ये काम करतो. म्हणाला, “आमच्याकडे असं काही बोललं की लोक म्हणतात, येडा झाला काय? मी पण तेच बोलायचो. मॅडमच्या रूमसमोरून जाताना आम्ही एकमेकांना आत ढकलायचो, टाइमपास. मग एकदा मॅडम वर्गात आल्या होत्या, तेव्हा मागून कुणीतरी विचारलं, मॅडम, तुम्ही स्वतः कधी गेलाय का असल्या ठिकाणी? सगळे हसले. मॅडम म्हणाल्या, जाते ना, दर शनिवारी, बोरिवलीला. मी घरी जाऊन विचार केला... मॅडम जातात, तरी नीट शिकवतात, नीट डबा खातात, आपल्याशी हसतात. म्हणजे गेल्यानं माणूस संपत नाही. मग मी पण गेलो. गेलो म्हणून आज इथं उभा आहे.” एवढं बोलून तो खाली बसला. माझ्या शेजारून जुई उठली आणि तरातरा बाहेर गेली.

मी मागोमाग गेले. ती ताईच्या खोलीसमोर, बंद दाराला टेकून उभी होती. “आई,” ती म्हणाली, “मावशीचं काही नव्हतं. माझं होतं. मी जायचे.”

मग तिनं सगळं सांगितलं, तिथंच, व्हरांड्यात उभ्याउभ्या. परीक्षेच्या हॉलमध्ये तिचे हात थरथरायचे, श्वास पुरायचा नाही, आत्ता मरणार असं वाटायचं. दोनदा पेपर टाकून ती बाथरूममध्ये जाऊन बसली होती. ती ताईकडे गेली, कपाटात तोंड घालून बोलायला लागली, तर ताईनं तिला थांबवलं. म्हणाली, “जुई, मी तुझी मावशी आहे. मी ऐकेन ते मावशी म्हणून ऐकेन, आणि मावशी घाबरते. तुला न घाबरणारं माणूस पाहिजे.” जुईची अट होती, सेंट्रल लाइनवर नको. भांडुप, मुलुंड, घाटकोपर, कुठेही गेलं तरी वर्गातलं कुणीतरी भेटणार. तिच्या वर्गातल्या मुलामुलींचा हा ठरलेलाच हिशेब होता म्हणे. इकडच्यांनी गुपचूप वेस्टर्न लाइनला जायचं, तिकडच्यांनी इकडे. म्हणून बोरिवली. ताईनं तिथल्या बाई शोधल्या, आणि पहिल्या दिवसापासून सोबत गेली. आत कधीच नाही. बाहेर बाकावर बसायची, मांडीवर डबा, शेजारी पिशवीत लसूण. आतल्या मॅडम जुईला म्हणायच्या, “मावशी आल्या वाटतं, वास येतोय.” वर्षावहिनी समोर आली तेव्हा जुई घाबरून जे तोंडाला आलं ते बोलली. नंतर बसमध्ये ती रडली, की मी हे काय केलं. ताई म्हणाली, “असू दे. माझ्या नावावर राहू दे. मला काही होत नाही त्यानं.”

“मग तू तिला सांगायचीस काय?” मी विचारलं. हाच प्रश्न मी इतके दिवस पोटात घेऊन हिंडत होते. “आत काय झालं, ते मावशीला सांगायचीस ना?”

“नाही. ती विचारायचीच नाही. आम्ही उतरून वडापाव खायचो आणि यायचो.”

म्हणजे ताईलाही ठाऊक नव्हतं. गेली दोन वर्षं मी जिच्यावर जळले, तीही माझ्यासारखीच दाराबाहेर होती. एवढंच, की ती दाराजवळ होती आणि मी मुलुंडला होते. मला हलकं वाटायला हवं होतं. पण मला लगेच त्या बोरिवलीच्या बाईंचा राग आला. कोण, कुठल्या, त्यांना माझ्या मुलीचं सगळं ठाऊक!

हा लेख जुईनं वाचलाय. तीच म्हणाली, लिही, माझं नाव लिही, मावशीच्या नावावर लागलेलं ते जाऊ दे. ताईला त्यात पुसून टाकण्यासारखं काही वाटत नव्हतं, हे मी तिला सांगून पाहिलं. पण मी लिहावं, हा जुईचा हट्टच होता. माझ्यापुढचा प्रश्न मात्र निराळाच होता. ताई गेल्यापासून जुई बोरिवलीला गेलेली नव्हती. परीक्षा तोंडावर आली होती आणि तिचं जेवण पुन्हा कमी झालं होतं. या वेळी मी जिऱ्याचं पाणी केलं नाही. “कधी जायचं?” एवढंच विचारलं. तिनं हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, “तू येशील? पण आत नाही यायचं. घरी आल्यावर विचारायचं नाही.” मी हो म्हटलं. तेवढं हो म्हणताना माझं काय झालं, ते माझं मला ठाऊक.

फ्रीजमध्ये ताईचा शेवटचा डबा अजून तसाच होता. पाकळ्या पिवळ्या पडल्या होत्या, एकदोनींना कोंब फुटले होते. ते मी कुंडीत खोचले, डबा घासला, आणि गेल्या शनिवारी पिशवीत पावशेर लसूण घेऊन निघाले. मुलुंडहून बस, आरे कॉलनीतून पलीकडे. बोरिवलीच्या त्या इमारतीत पहिल्या मजल्यावर बाक होता. भिंतीकडच्या टोकाला जुईनं बोट दाखवलं, मावशी इथं बसायची. मी तिथं बसले. जुई आत गेली, दार लागलं. मी गड्डा फोडला. तिसऱ्या पाकळीलाच बोटं चुरचुरायला लागली. आतून शब्द कळत नव्हते, नुसता आवाज येत होता. मध्येच जुई हसली. घरी ती महिनाभरात तशी हसलेली नव्हती. एक पाकळी माझ्या नखानं पार चिरडली.

जिन्यावरून एक मुलगी वर आली आणि मला बघून जागच्या जागी थांबली. जुईच्या वर्गातली, आमच्या घरी येऊन घावणे खाऊन गेलेली. तिचं नाव मी सांगणार नाही. “काकू, तुम्ही? इथे?” तिनं ओढणी गळ्याभोवती घट्ट केली. दारावरची पाटी तिच्यामागे सरळ दिसत होती.

“हो गं,” मी म्हटलं. “माझी ट्रीटमेंट चालू आहे. जुई सोबत आलीय, आत मॅडमशी बोलतेय.”

ती जरा सैलावली. “मी पण मैत्रिणीसाठीच आलेय,” म्हणाली, आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकली. मग माझ्याकडे न बघता तिनं हळूच विचारलं, “काकू, आत गेल्यावर काय बोलायचं असतं?”

मला काय माहीत? मी त्या दाराच्या आत कधी पाऊल टाकलेलं नाही. पण तिच्यापुढे मी पेशंट होते. मी डबा उचलून आमच्या दोघींच्या मध्ये ठेवला आणि म्हटलं, “काही नाही गं. तू बोल, मी सोलते.”